सुपाऱ्या, फराळ आणि फाटका भाता

पुणे,
कार्तिक शुद्ध तृतीया

प्रिय तबलजी,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

"जिवंत आहेस का?" एवढाच तुझा मेसेज. जिवंत आहे, फक्त झोपेचा बॅकलॉग आहे. दिवाळीत पेटीवाल्याचा फोन लागत नसतो हे बडोद्याला गेल्यावर लगेच विसरलास वाटतं. तिकडे कॉलेजात शिकवायचं, पगार पहिल्या तारखेला, दिवाळीला रीतसर सुट्टी. इथे वसुबारसेपासून कालच्या भाऊबिजेपर्यंत मी घरी पाहुणा होतो. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ तेवढी मिळाली, आणि ती मी एका जुन्या ऑर्गनच्या पोटात डोकं घालून काढली. आईने लाह्या-बत्तासे तिथेच आणून दिले. त्या ऑर्गनबद्दल पुढे लिहितो. पत्र लिहायला घेतलंय ते खरं त्याच्यासाठीच. पण आधी सुपाऱ्यांचं, म्हणजे दिवाळीतल्या कार्यक्रमांचं ऐक.

नरकचतुर्दशीची पहाट डोंबिवलीला होती. मध्यरात्री पुण्यातून टेम्पो ट्रॅव्हलर निघाला. मागच्या सीटवर तबले, पेट्या आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. अभ्यंगस्नान म्हणजे मैदानामागच्या नळावर तोंडावर पाणी आणि मनगटाला चिमूटभर उटणं. फडके रोड त्या दिवशी कसा असतो तुला माहीतच आहे. गणपतीच्या देवळापासून नुसती नऊवारी, झब्बे आणि वर धरलेले मोबाइल. पोरं एकमेकांना भेटायला येतात, गाणं ऐकायला नाही. त्याला काही आमच्या मंडळींसारखी मी नाकं मुरडत नाही. आपणही त्या वयात कुठल्या कुठल्या मैफलींना कशासाठी जायचो, आठव.

आता गंमत बघ. उघड्या मैदानावर रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर लावता येत नाही, 2000 सालचा नियम. परवानगीच्या कागदावर सहा म्हणजे सहा. गाणाऱ्या बाईंनी ललत, म्हणजे उजाडण्याआधीचा राग, काढला होता, तोही मनापासून. सुरू व्हायला सव्वासहा. समोर आकाश उजळलेलं, इस्त्रीचे झब्बे चमकतायत, आणि आपण दोन मध्यमांच्या त्या अर्धवट अंधारात शिरायचं! बाईंनी दहा मिनिटांत आवरता घेतला आणि सरळ भटियारवर आल्या. त्यांचं बरोबरच होतं. "पहाट" हे नाव तिकिटावर छापायचं आणि कार्यक्रम सकाळचा करायचा, अशी आता रीतच पडली आहे.

तुझ्या जागी एक मुलगा होता. हात गोड आहे. पण दव असं पडलं होतं की तबल्याच्या पुडीचा, त्या वरच्या कातड्याचा, सूर उतरायचा थांबेना. प्रत्येक पदाआधी बिचारा गजऱ्यावर हातोडी घेऊन बसलेला. त्यात बाईंची गायची पट्टी काळी चार आणि अभंगवाल्या बुवांची काळी दोन, म्हणजे दोन तबले, आणि दोन्ही रुसलेले. तू असतास तर दोन शिव्या हासडून मोकळा झाला असतास. हा प्रत्येक वेळी फोनवरच्या ट्यूनरला विचारत होता. कानाने लावून झाल्यावर परत फोनला विचारायचा. मी गप्प बसलो, वयाचा मान राखून. त्याच्या.

दमट हवेने मलाही सोडलं नाही. ऐन अभंगात पेटीच्या मधल्या सप्तकातली एक पट्टी फुगून शेजारणीला घासली आणि दाबलेली वरच येईना. सूर बोलतच राहिला. अंगठ्याने खालून उचलली, पुढच्या आवर्तनात परत तेच. मग निवेदिकाबाईंच्या हातातलं एक कार्ड त्यांना न विचारता घेतलं, कोपरा फाडून घडी केली आणि दोन पट्ट्यांच्या फटीतून वरखाली फिरवली. डावा हात भात्यावर, उजव्या हाताची तीन बोटं गाण्यात आणि दोन या दुरुस्तीत. सुटली एकदाची! कार्डाबरोबर निवेदनातली एक चारोळीही गेली, ते समाजकार्यच समज. कारण निवेदन सुरू झालं की साउंडवाला खुणा करणार, "खाली सूर सोडा." निवेदिकाबाई प्रकाशाच्या उत्सवावर बोलतायत आणि मी खाली केविलवाणा षड्ज धरून बसलोय. शांतता म्हणजे माइक बंद पडलाय असंच वाटतं या लोकांना. आधी आलाप भरा, मग जागा भरा, मग टाळ्या भरा. अशाने पेटी वाजवायची राहते आणि भोकं बुजवायचं काम तेवढं उरतं.

वसुबारसेचं रेकॉर्डिंग दोन वाक्यांत सांगतो. एका वेब सिरीजच्या शीर्षकाला पेटी हवी होती. तासभर वाजवून घेतली, त्यातला चार मात्रांचा तुकडा कापला, तोच आता दहा ठिकाणी चिकटवणार आहेत. पैसे मात्र गाडी स्टँडवरून काढायच्या आत खात्यात. संगीतकार पोरगा म्हणाला, "सर, हार्मोनियमचा साउंड खूप इंडियन आहे ना!" डेबाँ नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसला पेटंट काढलेलं वाद्य, आकाशवाणीने 1940 ते 1971 परकं म्हणून दाराबाहेर ठेवलेलं. सांगायचं तोंडावर आलं होतं, पण पार्किंगचे पैसे वाढत होते.

आता कीर्तनाचं. हे जरा सविस्तर ऐक. पेठेतल्या राममंदिरात पाडव्याच्या संध्याकाळी नारदीय कीर्तन होतं. बुवा तेच, काळी दोनवाले. बिदागी किती ते विचारू नकोस. नारळ मोठा होता. पण तिथे मी माझी ती छोटी पेटी नेली. तीच, जिच्यावर पावसाळाभर कानस घेऊन बसलो होतो आणि तू फोनवर मला वेड्यात काढलं होतंस. काळी दोन षड्ज धरून गांधार ट्यूनिंग केलंय. बाजारातल्या पेटीचा शुद्ध गांधार षड्जापासून 400 सेंटवर असतो (सप्तकाचे बाराशे भाग केले की एक सेंट), तंबोऱ्यात ऐकू येतो तो 386 च्या आसपास. पेटीतला सूर म्हणजे एक पितळी पातं, त्या पात्याला मुळाशी घासलं की सूर उतरतो, टोकाशी घासलं की चढतो. केसभर घासायचं, फुंकर मारायची, परत बसवायचा, ऐकायचा. जास्त घासलं की पातं गेलं कामातून. षड्ज आणि गांधार एकत्र धरल्यावर मधली ती थरथर मंदावत मंदावत जाते आणि एका क्षणी बंद होते. ती बंद झाली त्या रात्री मी घरच्यांना उठवून ऐकवलं होतं. कुणालाही फरक कळला नाही.

अशी पेटी डोंबिवलीला काय कामाची? तिथे दर गाण्याला पट्टी बदलते आणि सगळं गणित कोसळतं. कीर्तनात मात्र बुवा सुरुवातीच्या नमनापासून आरतीपर्यंत काळी दोन सोडत नाहीत. बुवांना मी काही सांगितलं नव्हतं. पूर्वरंगात यमनमधली एक ओवी होती. एरवी गांधाराला हात लावून लगेच पुढे सटकणारा हा माणूस त्या दिवशी तिथेच बसला. परत आला, परत बसला. मी पेटीचा आवाज खाली आणला, मग नुसता षड्ज ठेवला, मग तोही सोडला. मंदिरात तंबोऱ्यावर एकटे बुवा. मध्यंतरात बुक्का लावताना हळूच विचारतात, "पेटी धुऊन आणलीस का रे?" गेल्या कित्येक वर्षांत माझ्या वाजवण्याला एवढी चांगली दाद मिळालेली नाही, आणि ती मिळाली ती मी हात काढून घेतल्यावर. उत्तररंगात साकी, दिंडी, कटाव या पद्यप्रकारांची जी पळापळ झाली तिच्यात मग गांधारबिंधार कोण बघतो! भीमपलासीचा कोमल गांधार अजून मनासारखा लागत नाही, तो या महिन्यात घासायला घेणार आहे. एका पेटीत सगळे राग बसणार नाहीत हे मला कळतं. तू परत सांगू नकोस.

काल भरत नाट्य मंदिरात दुपारचा "सौभद्र" होता. 1882 चं नाटक, मुळात शंभराच्या वर पदं. आता तीन तासांत बसवतात, तरी वन्समोअर आलाच. म्हातारी मंडळी अजून हक्काने ओरडतात आणि सुभद्राही लाजून परत पहिल्या ओळीवर येते. बाकी सगळं छान, पण मी वाजवत काय होतो? कीबोर्ड, ऑर्गनचा आवाज लावून. खरा ऑर्गन उचलायला चार माणसं आणि टेम्पो लागतो, तो खर्च कुठल्या संस्थेला परवडणार? कीबोर्डचा सूर पट्टी सोडली की पटकन तुटतो. खऱ्या ऑर्गनवर, म्हणजे पायपेटीवर, पायाने श्वास द्यायचा असतो. नटाचं वाक्य संपत आलं की पाय हलकेच भरायला लागायचे, बोटं पट्टीवर नुसती टेकलेली, आणि त्याने पद उचललं की सूर त्याच्या आवाजाखालून वर यायचा. दोन्ही हात मोकळे, भाता पायात. बटण दाबून ते होत नाही. विंगेत बसून पाय उगीचच हलत होते माझे.

तर तो ऑर्गन. सदाशिव पेठेतल्या एका वाड्याचं रिडेव्हलपमेंट निघालं. त्या घरातले आजोबा एका नाटक मंडळीत ऑर्गन वाजवायचे. नातवाने फोन केला, "घेऊन जा, नाहीतर भंगारात." गेलो तर एस्टी कंपनीचा ऑर्गन! अमेरिकेत व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरोला बनलेला. पितळी पाटी अजून शाबूत. आता तो आमच्या हॉलमध्ये आहे आणि सोफा बाल्कनीत. घरच्या प्रतिक्रिया भेटीत सांगेन.

मागची फळी काढली. आत उंदराने नमद्याचं बारीक भुसकट करून संसार थाटलेला. पेटीत आपण हवा सुरांतून बाहेर ढकलतो, हा उलटा, हवा आत ओढून घेतो. त्यामुळे सगळ्या घरांची शंभर वर्षांची धूळ सुरांच्या जिभांवर. एकेक सूर आपापल्या खाचेत घट्ट बसलेला असतो. शेपटाला छोटी खाच, तिथे आकडा अडकवून सरळ मागे ओढायचा. आकडा मी सायकलच्या स्पोकचा केला. पहिला सूर बाहेर आला तेव्हा हातावर हिरवी भुकटी पडली आणि खाली पितळ निघालं. ब्रशने झाडून परत सरकवला, पायडल मारलं. बोलला! पट्टी बघितली तर आजची नेहमीची 440 हर्ट्झ नाही, 435 च्या जवळपास. आजच्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याशी भांडणार. पण घासून वर आणायला माझा हात धजत नाही. तंबोरा खाली आणू.

आता खरा पेच. भात्याचं रबरी कापड फाटलंय. पाय मारला की फाटक्यातून हवा शिरते आणि "हूऽऽऽ" असा लांबलचक घोगरा वारा वाहतो. नाटक मंडळी म्हणतात, महिन्याभरात दुरुस्त करून द्या, पुढच्या प्रयोगाला हाच लावू, टेम्पोचं बघू. आणि इकडे मी एका बालनाट्याचं संगीत करतोय, सुट्टीत रोज सकाळी पोरं आमच्याकडेच तालमीला असतात. एका गावातला वारा रुसून निघून जातो अशी गोष्ट. मी त्यांच्यासाठी बासरीचे तुकडे केले होते, झाडांची सळसळ डाउनलोड केली होती. पोरांनी तोंडं वाकडी केली. परवा एक चिमुरडी ऑर्गनच्या पायडलवर उभी राहिली आणि तो फाटका भाता बोलला. सगळी एकदम गप्प! मग गलका, "हाच वारा! हाच!" दिग्दर्शिकेने मला बाजूला घेऊन सांगितलं, प्रयोग होईपर्यंत त्या भात्याला हात लावायचा नाही.

आता बोल, काय करू? मला पोरांचंच पटतंय. पदाला साथ करणारे ऑर्गन कुठेतरी सापडतील, रुसलेला वारा वाजवणारा हा एकच. नाटकवाल्यांना "रबरी कापड मिळत नाहीये" म्हणून सांगितलंय. ते खोटंही नाही, कारण मी शोधलेलंच नाही.

तुझ्याकडे दोन कामं. एक, ऑर्गनचे काही सूर साफ मेलेत, पाती तुटलेली. पालिताण्याला हाताने पेटीचे सूर करणारे कारागीर आहेत ना, तुझ्या कॉलेजातलं कुणी भावनगरकडचं असेल तर चौकशी कर. ही अमेरिकन घडण वेगळी आहे, म्हणून नमुना पाठवतो. मापाबरहुकूम पितळेत घडवतील का, आणि काय घेतील? दोन, नाताळाच्या सुट्टीत बालनाट्याचा पहिला प्रयोग आहे, तालवाद्य तुझं. तबला आणू नकोस. पोरांना पत्र्याचा डबा, सूप आणि रिकामा माठ हवाय, आणि वारा गेल्यावर पूर्ण तीन मिनिटं कुणीच काही वाजवायचं नाही असं त्यांनी ठरवलंय. तुला जमेल का ते बघ. मला साउंडवाल्याची काळजी वाटते.

मानधन मुलांच्या फंडातून, म्हणजे वडापाव.

वहिनींना आणि काकांना नमस्कार. चकल्या कुरिअरने पाठवल्या आहेत, चुरा झाला तर मिसळीवर घाल.

तुझा,
पेटीवाला

ता. क. तू आमच्या माळ्यावर ठेवून गेलेली ती नवी पुडी डोंबिवलीच्या त्या मुलाला देऊन टाकली. त्याला गरज होती. तो पैसे विचारत होता, मी म्हटलं तबलजींना फोन कर. फोन आला तर पैसे घेऊ नकोस, पण त्याच्याकडून ट्यूनर काढून घे.