वाडीत आलेल्या त्या चौघांचे आभार

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धनकडची आमची वाडी एका दुपारीत आडवी केली. सुपारी काड्यांसारखी मोडली होती, आणि नवं रोप लावलं तरी फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. देवावर असा चिडलो की देवघराचं दारच लावून टाकलं. जो येईल त्याच्यावर खेकसायचो. (भाऊ म्हणतो, त्यापेक्षा वादळ बरं होतं!)

चार-पाच दिवसांनी चार अनोळखी माणसं कोयते, करवत घेऊन आली. मी नावं विचारली नाहीत, पाणीही विचारलं नाही. त्याची अजून लाज वाटते. दिवसभर खपून त्यांनी पडलेले माड कापले, विहिरीपर्यंतची वाट मोकळी केली. निघताना त्यांतल्या म्हाताऱ्या बाबांनी झावळीखाली दबलेलं सुपारीचं एक रोप हलक्या हातानं सरळ केलं, बुडाशी माती दाबली आणि त्या रोपाला नमस्कार केला. मला एक शब्द बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी देवघरात दिवा लावला. राग काही लगेच गेला नाही, पण तिथं बसता यायला लागलं.

पुढे हरिहरेश्वरला गेलो. तिथली प्रदक्षिणा समुद्राकडेनं, ओहोटीलाच करता येते. शेवाळावर पाय सरकला, तर मागून एका मावशींनी दंड धरला. "सावकाश चला, भरतीला वेळ आहे अजून." त्यांचंही नाव ठाऊक नाही.

बाबा, ते रोप आता माझ्यापेक्षा उंच झालंय. तुम्ही चौघं एकदा या, पाणी तरी प्या. वाट तीच, विहिरीवरची.