कॅसेटवरचं माझं अक्षर

प्रिय सई,

तू पुण्याला गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी आईनं मला माळ्यावर चढवलं. दिवाळीआधी जे आवरायचं राहिलं होतं ते दिवाळीनंतर तरी आवर, असा हुकूम होता. तिथं बुटांच्या खोक्यात माझ्या जुन्या कॅसेटी सापडल्या. त्यातल्या एकीमुळे हे पत्र लिहितोय. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मध्येच हसली असतीस आणि माझं पुढचं बोलणं राहून गेलं असतं.

भाऊबीजेला चकलीचं ताट मध्ये ठेवून आपण भांडलो, ते आठवतंय ना? तू म्हणालीस, बॉब डिलन हा अमेरिकन गायक लिहितो चांगलं, पण त्याचं गाणं म्हणजे नाक चोंदलेल्या माणसानं रिक्षावाल्याशी घातलेली हुज्जत. उपमा मला आवडली होती, तेव्हा कबूल केलं नाही एवढंच. पण पुढे तू म्हणालीस की 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' हे गाणं गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सचंच, डिलननं नुसते शब्द पुरवले. तिथं माझं डोकं फिरलं. मूळ काय ते ठाऊक नसताना तोंड उघडू नये, असं काहीतरी मी तारस्वरात बोललो. शेजारी पाहुणे आलेत, हळू बोला, असं आईला सांगावं लागलं.

तर ती कॅसेट. नव्वद मिनिटांची, मित्राकडून भरून घेतलेली. आतल्या कार्डावर निळ्या बॉलपेननं, माझ्याच अक्षरात, 'वॉचटॉवर'पुढे लिहिलंय : 'जिमीचं सगळ्यात भारी गाणं. शब्द पण त्याचेच!' खाली दोन रेघा. तारीख १९८९ ची.

साडेतीन वर्षं मी हेच समजून चाललो होतो. मग माहीमला एका मित्राच्या घरी त्याच्या अमेरिकेतल्या मामानं आणलेली डिलनची रेकॉर्ड ऐकली. एक साधी गिटार, बास, ड्रम, मध्येमध्ये टोचणारी माउथऑर्गन, आणि अडीच मिनिटांत खेळ खलास. मी म्हटलं, हा कोण, आणि ह्यानं हेंड्रिक्सच्या गाण्याची अशी वाट का लावली? मित्रानं सांगितलं की डिलनची रेकॉर्ड डिसेंबर १९६७ ची आहे आणि हेंड्रिक्सनं ते गाणं लंडनमध्ये ध्वनिमुद्रित करायला घेतलं ते त्यानंतर, जानेवारी १९६८ मध्ये. मी तासभर वाद घातला. शेवटी त्यानं रेकॉर्डचं पाकीट उलटं करून नाव दाखवलं. तेव्हा बाई, तू जे चकली खाता खाता बोललीस तेच मी उपाशीपोटी बोललो होतो. मी चिडलो त्याचं अर्धं कारण हे.

उरलेलं अर्धं जरा लांबचं आहे.

मुंबईत धोबीतलावला, झेवियर्स कॉलेजच्या बाजूला रंगभवन आहे. १९८६ पासून तिथं 'इंडिपेंडन्स रॉक' ही रॉक बँडची मैफल व्हायची. उघडं नाट्यगृह, ऑगस्टचा पाऊस, आणि ओले काळे टी-शर्ट घातलेली आमच्यासारखी शेकडो पोरं. आमच्यात तट होते. एक जण ब्लॅक सॅबथ या बँडमधून ऑझी हा गायक गेल्यापासून सुतकात होता. त्याच्या जागी डिओ आला, १९८० ला 'हेवन अँड हेल' आली, तरी हा आपला म्हणायचा की बँड १९७९ लाच वारला. (ती रेकॉर्ड त्यानं ऐकलीच नव्हती, हे फार नंतर कळलं.) बँड बहुतेक कॉलेजच्या पोरांचेच. ते दुसऱ्यांची गाणी वाजवायचे, आणि आमची परीक्षा एकच : जसंच्या तसं येतंय का. सोलोतला एक सूर इकडचा तिकडे झाला की मागून शिट्ट्या. 'डिट्टो वाजवलं यार' ही सर्वांत मोठी शाबासकी.

एका वर्षी एका बँडनं मध्येच स्वतःचं गाणं काढलं. गाणारा मुलगा किडकिडीत, चष्मेवाला. आवाज थोडा चिरका, पण गाणं वाईट नव्हतं. दोन ओळी झाल्या असतील, आम्ही ओरडायला लागलो, 'मेडन! मेडन!' मी तिसऱ्या रांगेत होतो, म्हणजे माझा आवाज त्याला नक्की गेला असणार. त्यानं चष्मा काढून टी-शर्टला पुसला, पुन्हा घातला, ड्रमवाल्याकडे बघितलं, आणि आयर्न मेडनचं गाणं सुरू केलं. डिट्टो. आम्ही नाचलो. ते त्याचं स्वतःचं गाणं पुढे कसं होतं, हे मला कधीच कळलं नाही.

हेंड्रिक्सनं डिट्टो केलं नाही. 'वॉचटॉवर'मध्ये तीनच कॉर्ड आहेत, सगळीकडे त्याच फिरतात, ध्रुवपद नाही. डिलननं ते मोकळं, कोरडं सोडलंय. गोष्ट जिथं सुरू व्हायला हवी तिथं, म्हणजे दोन घोडेस्वार येताना दिसतात तिथं, गाणं संपतंच. हेंड्रिक्सनं त्या मोकळ्या जागेत वादळ भरलं. चार मिनिटांत चार वेगळे सोलो, प्रत्येकाचा पोत निराळा. तू म्हणतेस तसं ते भारीच आहे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण ते वादळ त्याला त्या अडीच मिनिटांत ऐकू आलं कसं? तुला आणि मला तर नाक चोंदलेला माणूस ऐकू आला.

त्याचं उत्तर असं की हेंड्रिक्सला तो आवाज मनापासून आवडायचा. आधी लिटल रिचर्ड, आइझली ब्रदर्स या गायकांच्या मागे तो नुसती गिटार वाजवायचा. स्वतःच्या आवाजाची त्याला लाज वाटायची. पुढेही स्टुडिओत आडोसा उभा करून गायचा. डिलन ऐकल्यावर त्याला वाटलं, हा माणूस गाऊ शकतो तर मीही गाऊ शकतो. जून १९६७ मध्ये माँटेरीच्या संगीत महोत्सवात, जिथं त्यानं गिटार जाळली, तिथं त्यानं डिलनचं 'लाइक अ रोलिंग स्टोन' गायलंय. तेव्हा तुझ्या लाडक्या हेंड्रिक्सचा गळा मोकळा केला तो तुझ्या नावडत्या गळ्यानं. 'वॉचटॉवर' पुन्हा लाव आणि या वेळी गिटार सोडून फक्त आवाज ऐक. ओळीचा शेवट तो कसा ओढतो, अर्धं बोलतो, अर्धं गातो. कुठून आलं ते तुला लगेच कळेल.

उलटंही झालं. हेंड्रिक्स सप्टेंबर १९७० मध्ये गेला. त्यानंतर डिलन स्वतःचं गाणं हेंड्रिक्सच्या ढंगानं वाजवायला लागला, आणि तसं त्यानं उघड सांगितलंयही. दोन हजारांहून जास्त वेळा त्यानं ते मैफलींत गायलंय, दुसरं कुठलंही गाणं एवढ्या वेळा नाही. आता सांग, ते कोणाचं?

आजोबांना हा प्रश्नच कळला नसता. एकच बंदिश दहा जण गातात, त्यात मूळ कुठलं आणि नक्कल कुठली असं कुणी विचारत नाही. तुझं त्यात काय, एवढंच विचारतात. आणि कुमार गंधर्वांवरून आमच्या घरात काय रणं माजायची! क्षयानंतर एका फुप्फुसावर त्यांनी स्वतःची गायकी उभी केली, छोट्या छोट्या फेकींची. आजोबा डोळे मिटून बसायचे, आणि मोठे काका म्हणायचे, हे काय तुटक तुटक चाललंय. दोघं एकाच रेडिओसमोर.

हेंड्रिक्सचं 'वॉचटॉवर' ज्यात आहे तो 'इलेक्ट्रिक लेडीलँड' पहिल्यापासून शेवटपर्यंत उत्तम आहे, हे मात्र मी मान्य करणार नाही. दुहेरी अल्बम आहे, पंधरा मिनिटांचं ते ब्लूज लागलं की आई पिशवी घेऊन भाजीला निघते, आणि ती चुकत नाही. मूळ 'वॉचटॉवर' जिच्यात आहे ती डिलनची 'जॉन वेस्ली हार्डिंग' चाळीस मिनिटांच्या आत आवरते. यावर मे महिन्यात भांडू.

आणि एक हार कबूल करतो. तू पाठवलेलं, जॉनी कॅश या कंट्री गायकानं गायलेलं 'हर्ट' मी आठ दिवस उघडलं नव्हतं. नाइन इंच नेल्स या बँडचं १९९४ चं गाणं, तिशीच्या आतल्या पोरानं लिहिलेलं, सत्तरीचा माणूस काय गाणार, असं वाटत होतं. परवा रात्री ऐकलं. त्यानं शब्द जवळजवळ तेच ठेवलेत. एका ठिकाणी शिवी होती ती काढून काटे घातलेत. आवाज मध्येच थरथरतो, तो त्यानं लपवलेला नाही. २००२ ची रेकॉर्ड, पुढच्या सप्टेंबरात तो गेला. मी दिवा न लावता बसून होतो. आईनं विचारलं, बरं वाटत नाहीये का.

कॅसेट जपून ठेवलीय, पण टेपरेकॉर्डरचा बेल्ट विरघळून चिकट झालाय. तिकडे जुन्या दुरुस्तीवाल्याकडे मिळतोय का बघ, चौकोनी, बोटभर लांब. शंकरपाळ्यांचा डबा तुझ्या मैत्रिणीबरोबर पाठवतोय. कार्डाचा फोटो मात्र पाठवणार नाही.

तुझा,
बाबा