स्कूटरची बॅटरी गोंदाने नको, स्क्रूने बंद करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याची बातमी आली की चार्जर कोणता होता आणि ऊन किती होते, या दोन प्रश्नांवर चर्चा आटोपते. प्रश्न रास्त आहेत. पण दोष पुष्कळदा त्याआधीच, बॅटरी पॅक जुळवताना आत शिरलेला असतो. तो पॅक गोंद किंवा रेझिन ओतून कायमचा बंद केला असेल, तर दोष ना दुरुस्त करणाऱ्याला दिसतो, ना भंगारात घेणाऱ्याला. पाणी आत जाऊ नये म्हणून पॅक चिकटवून टाकणे हा आळशी उपाय आहे, आणि आगीचा धोका व विषारी कचरा हे दोन्ही त्यातून वाढतात, एवढेच या पत्रात मांडायचे आहे.

पॅक अनेक छोट्या सेलचा बनतो; आधी त्यातला एक सेल हातात घेऊन पाहू. १८६५० हे सेलच्या आकाराचे नाव, म्हणजे व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर. त्याचा पत्र्याचा सगळा डबा ऋण असतो, अगदी वरच्या कडेपर्यंत. धन असते ती फक्त मधली टोपी. टोपी आणि कड यांच्यात बोटाच्या नखाएवढेही अंतर नसते आणि कडेवर असते ते कागदासारखे पातळ प्लास्टिकचे वेष्टन. टोपीवर वेल्ड केलेली निकेलची पट्टी याच कडेवरून शेजारच्या सेलकडे जाते. खड्ड्यांचे हादरे बसत राहिले की पट्टी कडेवर घासते आणि वेष्टन झिजून फाटले की तो सेल जागीच शॉर्ट होतो. यावरचा उपाय क्षुल्लक वाटावा असा आहे: मध्ये भोक असलेली इन्सुलेटिंग कागदाची चकती प्रत्येक धन टोकावर बसवायची आणि सेल एकमेकांना न टेकता होल्डरमध्ये उभे करायचे. घाईत जुळवलेल्या पॅकमध्ये नेमकी ही चकती गाळली जाते.

शॉर्ट झालेला सेल एकटा नसतो. त्याच्या गटातले बाकीचे सेल समांतर जोडलेले असल्याने सगळे आपला करंट त्याच्यात ओततात. म्हणून प्रत्येक सेल गटाला जोडताना जाड पट्टीऐवजी जादा करंटला वितळून तुटेल अशी बारीक तार किंवा मुद्दाम अरुंद केलेली पट्टी हवी. सेलमधला धन आणि ऋण बाजू वेगळ्या ठेवणारा विभाजक पडदा पॉलिएथिलीनचा असेल तर साधारण १३० अंश सेल्सिअसला वितळू लागतो. त्यापुढे सेल स्वतःच उष्णता निर्माण करतो आणि मग कोणतेही इलेक्ट्रॉनिक्स मदतीला येत नाही.

पट्टीचीही गंमत आहे. शुद्ध निकेलऐवजी निकेलचा मुलामा दिलेले पोलाद सर्रास वापरले जाते. दिसायला दोन्ही सारखीच. पोलादाचा रोध जास्त, त्यामुळे सांधे तापतात, आणि मुलामा जिथे खरवडला तिथून गंज धरतो. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही: पट्टीचा तुकडा कानशीने घासा आणि मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी तांबूस गंज दिसला तर ते पोलाद.

आता बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारा बोर्ड. तो असला की सगळे सुरक्षित, हा समज धोकादायक आहे. चार्जिंग तोडण्याचे काम त्यावरचे मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, करतात, आणि मॉसफेट जळताना बहुधा शॉर्ट होऊन जळतात. म्हणजे ज्याने दार लावायचे तोच दार उघडे ठेवून मरतो. म्हणून बोर्डाच्या भरवशावर न राहता वेगळा फ्यूज आणि योग्य व्होल्टेजला स्वतः थांबणारा चार्जर, दोन्ही हवेतच.

इथेच एक गफलत होते. निकेल-मँगनीज-कोबाल्ट रसायनाचे १३ गट मालिकेत जोडलेला पॅक ५४.६ व्होल्टला पूर्ण भरतो, प्रत्येक गट ४.२ व्होल्ट. लोह-फॉस्फेटचे १६ गट ५८.४ व्होल्टला भरतात, प्रत्येक गट ३.६५ व्होल्ट. बाजारात दोघांवरही ‘४८ व्होल्ट’ लिहिलेले आढळते आणि चार्जरची पिनही पुष्कळदा सारखीच असते. दुसऱ्याचा चार्जर पहिल्याला लावला तर बीएमएसने न तोडल्यास प्रत्येक गट ४.४९ व्होल्टपर्यंत ताणला जातो. पिनचा आकार रसायनानुसार वेगळा ठेवणे, किंवा पॅकशी बोलल्याशिवाय चार्जरने करंटच न सोडणे, हे सक्तीचे करायला हरकत काय? सात इंची पडदा आणि गाणी वाजवायची सोय मात्र सगळ्यांना सुचते.

तापमानाचा सेन्सरही एकच, तोही बोर्डाजवळ, असा प्रकार दिसतो. सर्वांत जास्त तापतो पॅकच्या मधला सेल, त्यामुळे किमान एक सेन्सर तिथे आणि एक टोकाला हवा. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास सेलच्या आतल्या ऋण बाजूवर धातुरूप लिथियमचा थर साचतो, तर ४५ अंशांच्या वर चार्ज करत राहिल्यास सेल लवकर म्हातारे होतात. बोर्डाने दोन्ही वेळी चार्जिंग रोखलेच पाहिजे. लांबच्या फेरीनंतर गरम पॅकला लगेच चार्जर लावू नये, हे मालकाच्या हातात आहे.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण चिकटवण्याचे समर्थन पाण्याच्याच नावाने होते. आयपी ६७ हे डब्यावर लिहिले जाणारे पाणी-धूळरोधाचे मानांकन; पाण्यापुरते त्याचा अर्थ १ मीटर खोल स्थिर पाण्यात ३० मिनिटे. नव्या कोऱ्या नमुन्यावर घेतलेली ही चाचणी आहे. धुण्याच्या जोरदार फवाऱ्याबद्दल किंवा तीन वर्षांनी कडक झालेल्या रबराबद्दल ती काहीच सांगत नाही. शिवाय बंद डबा श्वास घेतो: चालताना तापला की आतली हवा फटीतून बाहेर ढकलतो, पावसात अचानक थंड झाला की दमट हवा, कधी पाणीच, आत ओढतो. वायरीच्या तारांमधूनही पाणी केशाकर्षणाने आत सरकते. यावरचे खरे उपाय असे: हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडदा बसवलेले छोटे झाकण, दाबून बसणारे बदलता येईल असे सिलिकॉनचे गॅस्केट, खालच्या बाजूने आत जाणारी आणि त्याआधी झोल दिलेली वायर, प्रत्येक तारेला रबरी सील असलेला कनेक्टर आणि बोर्डावर संरक्षक लेप. या सगळ्यासह डबा स्क्रूने उघडता येतो. रेझिनमध्ये मात्र एखादी चीर पडली की पाणी आत अडकते आणि सुकायला वाटच राहत नाही.

हब मोटरच्या, म्हणजे चाकातच मोटर असलेल्या, स्कूटरमध्ये आणखी एक जागा सांभाळावी लागते. धुरा दोन्ही बाजूंनी सपाट घासलेला असतो आणि चौकटीच्या खाचेत अडकतो. रीजनरेटिव्ह ब्रेकने, म्हणजे मोटरनेच वेग कमी करून वीज बॅटरीत परत घेताना, बल उलट-सुलट बदलते, नट सैल होतो, खाच रुंदावते आणि एक दिवस धुरा स्वतःच फिरून मोटरच्या वायरी पिळून तोडतो. धुरा फिरू न देणारी पोलादी पट्टी (टॉर्क आर्म), योग्य वॉशर आणि नटापासून चौकटीपर्यंत ओढलेली रंगाची रेघ एवढे पुरेसे असते. रेघ तुटलेली दिसली की नट हलला.

आता कचरा. १३ पैकी एक गट कमजोर झाला तरी बीएमएस सगळा पॅक थांबवतो, आणि बाकी १२ गट धडधाकट असूनही पॅक भंगारात जातो. स्क्रूचा पॅक असेल तर गट तपासून बदलता येतो. चिकटवलेला असेल तर छिन्नी-हातोडीने फोडावा लागतो, आणि भरलेला सेल फुटला तर तो तिथेच पेटू शकतो. सेलमधल्या द्रवातल्या (इलेक्ट्रोलाइटमधल्या) क्षाराचा ओलाव्याशी संबंध आला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, तो त्वचा आणि फुफ्फुसे दोन्ही जाळतो. पॅक निकामी करायला मिठाच्या पाण्यात बुडवण्याची पद्धत सोपी वाटते, पण त्यात टोके गंजून सेलमध्ये वीज शिल्लकच राहते आणि दूषित पाणी गटारात जाते. रोध (रेझिस्टर) जोडून त्यातून वीज सावकाश उतरवणे हाच बरा मार्ग.

लोह-फॉस्फेट पॅक स्वतःच्याच उष्णतेने आटोक्याबाहेर तापत जाणे तुलनेने अवघड, म्हणून त्याची शिफारस होते, आणि ती योग्यच आहे. पण त्यात निकेल नाही, कोबाल्ट नाही, म्हणून भंगारवाल्याला त्यात रस नसतो. असे पॅक बेवारस टाकले जाण्याची भीती जास्त. विक्रीच्या वेळी घेतलेली आणि जुना पॅक परत केल्यावर मिळणारी अनामत रक्कम या रसायनाला तर हवीच.

युरोपीय संघाने २०२३च्या बॅटरी नियमावलीत हे ओळखले आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून स्कूटरसारख्या हलक्या वाहनांचा पॅक, आणि त्यातला एकेक सेलही, स्वतंत्र कारागिराला काढून बदलता आला पाहिजे, आणि प्रत्येक पॅकला डिजिटल पासपोर्ट, म्हणजे पॅकची माहिती देणारी डिजिटल नोंद, हवा, असे बंधन त्यात आहे. गोंदाशिवाय पॅक बनवता येत नाही, ही उत्पादकांची सबब त्यामुळे तिथे चालणार नाही.

आपल्या वृत्तपत्रात नव्या स्कूटरचे परीक्षण येते तेव्हा रेंज आणि कमाल वेगाच्या शेजारी पाच गोष्टींचा उल्लेख व्हावा, ही विनंती: पॅक स्क्रूने उघडतो की नाही, प्रत्येक सेलला वेगळा फ्यूज आहे का, तापमानाचे सेन्सर किती आणि कुठे, प्रत्येक गटाचे व्होल्टेज मालकाला पाहता येते का, आणि जुना पॅक परत कोण घेणार.

आपला,
बॅटरी पॅक जुळणी क्षेत्रातील एक वाचक