तो आपलाच होता, सुहास

हल,
शनिवार, रात्री

प्रिय सुहास,

तुझं पत्र परवा आलं. नातवाची मुंज, तुझा गुडघा, कृष्णेचं पाणी यंदा कुठवर चढलं, सगळं दोनदा वाचलं. वहिनींनी पत्राच्या शेवटी लिहिलेल्या चार ओळी तर हिला मोठ्याने वाचून दाखवल्या. पण मधे तू एक वाक्य लिहून गेलास, त्याचं उत्तर दिल्याशिवाय मला झोप लागायची नाही. तू लिहितोस, "पीटर स्टर्लिंगचं तुम्हा हलवाल्यांना एवढं काय आहे कळत नाही. दोन हिवाळे आला, पैसे घेतले, घरी गेला. तो काही आपला नव्हता." ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला येऊन आपल्या हल क्लबासाठी रग्बी लीग खेळलेल्या माणसाबद्दल तू हे लिहितोस!

आज दुपारी मॅचच्या आधी ही गोष्ट मी आपल्या जुन्या मंडळींना सांगितली. वॉल्टन स्ट्रीटवर आम्ही पाच-सहा जण अजून जमतो. सगळ्यांचे केस पांढरे, कुणाच्या हातात काठी, पण गळ्यात काळा-पांढरा मफलर आहेच. तुझं वाक्य ऐकून ते काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आपल्या जुन्या बुलवार्ड मैदानावरच्या थ्रीपेनी स्टँडमधली भाषा तुला आठवत असेलच. मग मात्र अर्धा तास दुसरा विषय निघाला नाही. खेळ सुरू झाला तरी मागे बसलेला एक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगत होता, "तुझ्या मित्राला बूदफेरी पार्कची मॅच आठवते का विचार."

म्हणून मीही तिथूनच सुरुवात करतो. ३० ऑक्टोबर १९८२. इथल्या बूदफेरी पार्कवर ग्रेट ब्रिटन विरुद्ध ऑस्ट्रेलिया, रग्बी लीगची पहिली टेस्ट. तेव्हा आपल्याला या खेळातलं धड काही कळत नव्हतं. हॉस्पिटलात आपल्या वॉर्डातल्या पेशंटांशी बोलायला काहीतरी हवं, म्हणून आपण गेलो होतो. ऑस्ट्रेलियाने ४० गुण केले, ब्रिटनने ४. त्या दौऱ्यात तो संघ एकही मॅच हरला नाही, पण ते आपल्याला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं की हे लोक वेगळाच खेळ खेळताहेत. आणि त्यांच्या मधोमध उंचीने बेताचा, सोनेरी केसांचा, कपाळ मोकळं होत चाललेला एक पोरगा आहे. सगळे त्याच्याकडे बघताहेत आणि तो प्रत्येकाला कुठे जायचं ते दाखवतोय. वय बावीस. तूच विचारलंस, "हा कोण रे?" शेजारच्याने नाव सांगितलं. तेव्हा ते नाव पुढच्या वर्षी आपल्या क्लबाच्या यादीत येईल असं कुणी म्हटलं असतं, तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं.

१९८३ मध्ये परदेशी खेळाडू घेण्यावरची बंदी उठली आणि दार उघडलं. तेव्हा सिडनीचा मोसम सप्टेंबरात संपायचा आणि इथला ऐन त्याच सुमारास सुरू व्हायचा. सिडनीच्या पॅरामाटा क्लबाने १९८१, ८२ आणि ८३ अशी ओळीने तीन विजेतेपदं मारली होती. तिन्ही वेळा हाफबॅक, म्हणजे संघाचा खेळ चालवणारा, स्टर्लिंग. असा माणूस विश्रांती सोडून, उन्हाळा सोडून, हंबर नदीवरून येणाऱ्या त्या वाऱ्यात उभा राहायला आला. तो वारा काय चीज आहे हे तुला मी सांगायला नको. नाइट ड्यूटी संपवून ॲनलाबी रोडवर बसची वाट बघताना तू त्याला मराठीतून शिव्या द्यायचास.

पैसे घेतले म्हणतोस. घेतलेच. आपणही पगारच घ्यायचो की. त्याने त्या पैशात काय दिलं ते बघ.

त्याच वर्षी नियम बदलला होता. सहाव्या टॅकलनंतर, म्हणजे चेंडूवाल्याला सहाव्यांदा पाडलं की, चेंडू सरळ दुसऱ्या संघाला द्यायचा. त्यामुळे शेवटच्या टॅकलला चेंडू कुठे मारायचा, याला एकदम सोन्याचा भाव आला. आपल्याकडे अंगाने दणकट माणसं भरपूर होती. हल म्हणजे तेव्हाचा लीग विजेता संघ, काही भिकेला लागलेला नव्हता. पण ते पाच टॅकल जोरात खेळायचे आणि सहाव्याला गडबडायचे. स्टर्लिंगच्या डोक्यात पहिल्या टॅकललाच सहावा ठरलेला असायचा. बुलवार्डवर आपण उभे राहायचो त्या कोपऱ्यातून हे फार छान दिसायचं. एकदा मी चेंडूकडे बघायचं सोडून नुसतं त्याच्याकडेच बघत राहिलो. चेंडू लांब दुसऱ्या टोकाला होता, धक्काबुक्की तिकडे चाललेली. हा मात्र मान वर करून समोरच्या संघाचा सगळ्यात मागचा फुलबॅक कुठे उभा आहे, कडेचा विंगर किती पुढे सरकलाय ते बघत होता. दोन पावलं डावीकडे गेला, हाताने कुणाला तरी मागे बोलावलं. मग चेंडू त्याच्याकडे आला आणि त्याने तो न बघताच मारला. दोघांच्या मधल्या जागेत, टचलाइनच्या, म्हणजे कडेच्या रेषेच्या, आत हातभर. चेंडू टप्पा खाऊन बाहेर गेला. एकही माणूस न पाडता आपण निम्मं मैदान पुढे सरकलो. माझ्या पुढे एक म्हातारा उभा होता. ट्रॉलरवर जन्म गेलेला, उजव्या हाताची दोन बोटं विंचमध्ये गेलेली. त्याने टाळी वाजवली नाही, ओरडला नाही. नुसता वळून आपल्याकडे बघून मान हलवली. हेसल रोडच्या, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतल्या, माणसाकडून त्याहून मोठं सर्टिफिकेट नसतं.

हे शहर तेव्हा कसं होतं ते आठव. आइसलंडने दोनशे मैलांची हद्द आखली आणि १९७६ नंतर लांबच्या समुद्रातली मासेमारी संपल्यात जमा झाली. आपण आलो तेव्हा आपल्या पेशंटांमधले निम्मे पुरुष कामावाचून घरी बसलेले असायचे. पन्नाशीच्या आतली माणसं. काय होतंय विचारलं की "काही नाही डॉक्टर" म्हणायचे आणि खरंच तपासात काही सापडायचं नाही. त्या घरांमध्ये रविवारची मॅच हा आठवड्याचा एकमेव कार्यक्रम होता. सोमवारी राउंडला गेलं की आधी मॅचबद्दल बोलायचं, मग छातीत दुखतंय का ते. आपल्यासारख्या सांगली-साताऱ्याच्या पोरांना त्या माणसांनी जवळ केलं ते या खेळामुळे, हे मी आजही कुणालाही सांगतो. आणि अशा वेळी जगातला सगळ्यात चांगला हाफबॅक आपल्या गल्लीत राहायला येतो, आपल्या पोरांबरोबर चिखलात सराव करतो, याची किंमत त्या लोकांना कळत होती. नुसती ट्रॉफी मोजून ती कळायची नाही.

ट्रॉफी म्हणशील तर तीही आहे. ऑक्टोबर १९८४, यॉर्कशायर कप, पुन्हा बूदफेरी पार्क, समोर शहराच्या पूर्वेचे आपले सख्खे वैरी, हल किंग्स्टन रोव्हर्स. २९-१२. त्या दिवशी स्टर्लिंगने जे केलं ते मी पुन्हा कुणाला करताना पाहिलेलं नाही. तू मॅचनंतर पॅटी घेऊन आलास, बटाटेवडा समजून, आणि त्या सेजच्या वासाला नाक मुरडत दोन खाल्ल्यास. वर तिखट म्हणून चिप्सवरचा मसाला चोळलास. हे सगळं आठवतं तुला, मग तो माणूस आपला नव्हता कसा म्हणवतं?

आता वेम्बली. याबद्दल तू फार वर्षं बोलत नाहीस, मीही टाळत आलो. ४ मे १९८५, चॅलेंज कपची फायनल, हल विरुद्ध विगन. ९९,८०१ माणसं. विगनकडे ब्रेट केनी. म्हणजे बघ, पॅरामाटाची आणि ऑस्ट्रेलियाची जोडी, एकमेकांचा श्वास ओळखणारी, त्या दिवशी समोरासमोर. केनी हात खिशात घालून, फिरायला निघाल्यासारखा उभा होता, आणि मग त्याने आपल्याला फाडून काढलं. जॉन फर्ग्युसनचे दोन ट्राय (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला की ट्राय), हेन्री गिलचा एक, पोरगेल्या शॉन एडवर्ड्सचा एक, केनीचा स्वतःचा एक. बारावर अठ्ठावीस. आपल्या पुढच्या रांगेतल्या दोन बायका रडत होत्या आणि बसपर्यंत गर्दीतून कसं जायचं याचा लोक विचार करायला लागले होते.

तिथून पुढचा खेळ तू नीट आठवून बघ. मी अनेकदा टेपवरही पाहिलाय. संघ सोळा गुणांनी मागे असला की चांगले चांगले खेळाडू घाई करतात, लांब पास फेकतात, नशिबावर सोडतात. स्टर्लिंगने तसं केलं नाही. त्याने पळणाऱ्याला चेंडू दिला आणि पुन्हा त्याच्या खांद्याला जाऊन उभा राहिला. पुन्हा दिला, पुन्हा उभा. जेम्स लेउलुआईचा ट्राय. गॅरी डिव्होर्टीचा. पुन्हा लेउलुआईचा. २८-२४. आपण कुणाच्या तरी गळ्यात पडलो होतो, कोण ते मला आजही माहीत नाही. आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर, हे वाक्य या शहरात मी हजार वेळा ऐकलंय. ट्राय दोघांचेही पाच-पाच झाले, फरक पडला तो खांबांमधून चेंडू मारायच्या गोलांत. आपले पाच ट्राय आणि गोल फक्त दोन. वेम्बलीवरच्या सर्वोत्तम फायनलची चर्चा निघाली की आजही तीच मॅच आधी येते, आणि ती तशी झाली ती त्या शेवटच्या टप्प्यामुळे. माणूस नुसता पैशासाठी आला असता तर १२-२८ ला त्याने हातपाय गाळले असते. घरी जायचं विमान ठरलेलं, सिडनीत मोसम सुरू झालेला, पॅरामाटा त्याची वाट बघतंय, आधीच्या सप्टेंबरातली ग्रँड फायनल दोन गुणांनी हरल्याची सल मनात. त्याला हलसाठी आणखी अंग झिजवायची काय गरज होती? तरी तो शेवटच्या शिट्टीपर्यंत झिजवत राहिला.

आणि मग गेला. पुन्हा आपल्यासाठी खेळला नाही. तेव्हा इंटरनेट कुठलं! सिडनीचे निकाल इथल्या पेपरात कोपऱ्यात बारीक अक्षरात यायचे, तेही शिळे. १९८६ ला पॅरामाटाने सिडनीच्याच कॅंटरबरी क्लबाला ४-२ ने हरवलं, फायनलमध्ये एकही ट्राय नाही, आणि सामनावीराचं क्लाइव्ह चर्चिल पदक स्टर्लिंगला. ते पदक त्याच वर्षी सुरू झालं, पहिलं त्यालाच. ती बातमी इथे आली तेव्हा तू सांगलीला परतला होतास. मी क्लिनिकमध्ये होतो. एक पेशंट बीपी मोजायला हात पुढे करत म्हणाला, "आपल्या स्टर्लोने जिंकलं." आपल्या. मी त्याला काही समजावलं नाही, समजावण्यासारखं काही नव्हतंच. पुढे खांद्याने दगा दिला आणि १९९२ ला त्याने खेळणं सोडलं, मग तिकडे टीव्हीवर वर्षानुवर्षं समालोचन केलं. पॅरामाटाने १९८६ नंतर आजतागायत विजेतेपद पाहिलेलं नाही. तिथल्या लोकांनाही तो किती हवाहवासा वाटत असेल, याची कल्पना मला इथे बसून येते.

आज मंडळींत एक जण म्हणाला की त्याच्यामुळेच पुढची पोरं घडली. यात तथ्य आहे. गॅरी स्कोफिल्ड तेव्हा अठरा वर्षांचा. स्टर्लिंग पास कधी सोडतो ते बघून आपण कधी पळायचं हे त्याने तिथे शिकून घेतलं, आणि आल्या आल्या ट्रायचा धडाका लावला. पण मला तो मुद्दा तितका महत्त्वाचा वाटत नाही. समजा त्याच्यामुळे एकही पोरगा घडला नसता, तरी तो आमचा राहिलाच असता. प्रेक्षकाचं नातं खेळाडू किती दिवस राहिला यावर ठरत नाही. तो इथे असताना पूर्ण इथे होता की नाही, यावर ठरतं. क्लाइव्ह सुलिव्हन वेल्सहून आला, शहराच्या दोन्ही बाजूंच्या क्लबांकडून खेळला, आणि शहरात शिरणाऱ्या मोठ्या रस्त्याला आज त्याचं नाव आहे. जन्मगाव विचारायची पद्धत इथे कधी नव्हतीच. असती तर आपल्यालाही त्या स्टँडमध्ये कुणी उभं राहू दिलं नसतं.

बुलवार्डचं ग्राउंड आता नाही, हे तुला मागेच लिहिलं होतं. क्लब २००२ चा मोसम संपल्यावर नव्या स्टेडियमवर आला आणि जुन्या जागेवर शाळा झालीये. २०१६ ला एकदाची वेम्बलीवर आपली साडेसाती संपली. वॉरिंग्टनला १२-१० ने हरवलं, तोवर हल वेम्बलीवर कधी जिंकलंच नव्हतं. डॅनी हाउटनने शेवटच्या क्षणी ट्राय होता होता समोरच्याच्या हातातून चेंडू उडवला. त्या रात्री तुला फोन केला तेव्हा मला धड बोलता येत नव्हतं. पण आज गप्पांत २०१६ दहा मिनिटं आली आणि १९८५ उरलेला सगळा वेळ. जिंकलेल्या मॅचपेक्षा हरलेलीच मॅच माणसं जास्त प्रेमाने सांगत होती, आणि तिच्यात प्रत्येकाचा स्टर्लिंग वेगळा होता. कुणाला त्याची किक आठवते, कुणाला त्याने बारमध्ये पोरांबरोबर मारलेल्या गप्पा, एकाला तर फक्त मोसम संपल्यावर त्याने स्टँडकडे बघून वर केलेला हात.

तुझ्या पत्राचा राग आला असं समजू नकोस. तुझ्यामुळे आज दुपार फार चांगली गेली. आता तुझ्याकडून मला एवढंच हवंय: त्या बूदफेरीच्या टेस्टची पुस्तिका तू तुझ्या पुस्तकांबरोबर पेटीत घालून नेली होतीस. ती असेल तर तिच्या पानांचे फोटो पाठव. मंडळींना शब्द देऊन बसलोय. आणि वेम्बलीला आपण परत कुठल्या बसने आलो, क्लबाच्या की हॉस्पिटलच्या सोशल क्लबाच्या, यावरून हिच्याशी माझा वाद चाललाय. तुला नक्की आठवत असेल, लिही. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. चालता व्हायला लागलास की वहिनींना घेऊन सरळ इकडे ये. मोसम फेब्रुवारीत सुरू होतो, पण तुम्ही एप्रिल-मेमध्ये या, म्हणजे तो वारा फार नाही लागणार.

वहिनींना आणि मुलांना नमस्कार, आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर