वाळूच्या टेकड्यांचे मालक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ऑस्ट्रेलियातील पोर्ट स्टीफन्सजवळच्या वाळूच्या टेकड्यांवरचा प्रवासलेख वाचला. उंटांची सवारी, क्वाड बाइक, फळीवरून घसरगुंडी, सगळे आले. ज्यांच्या जमिनीवर ही मौज चालते, त्या वोरिमी आदिवासींचा उल्लेख मात्र कुठेच नाही.

न्यूकॅसलच्या उत्तरेला स्टॉकटनपासून ॲना बेपर्यंत हा पट्टा सुमारे ३२ किलोमीटर पसरला आहे. न्यू साउथ वेल्सच्या १९८३ च्या आदिवासी भूमी हक्क कायद्याच्या आधारे २००७ मध्ये त्यातली सुमारे ४,२०० हेक्टर जमीन वोरिमींच्या नावावर झाली. मेख अशी, की ती लगेच राज्य सरकारला भाडेपट्ट्याने द्यायची होती. १९८५ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या आदिवासींच्या पवित्र खडकाचेही असेच झाले होते. याला पूर्ण मालकी म्हणावे का? मी तरी म्हणणार नाही. पण व्यवस्थापन मंडळात बहुमत वोरिमींचे आहे आणि सरकारकडून येणारे भाडे याच जमिनीच्या देखभालीला लागते, हेही थोडके नाही.

देखभाल म्हणजे काय, हे तिथली वाळू पाहिल्याशिवाय कळत नाही. वोरिमींच्या पूर्वजांनी किनाऱ्यावर उकरून खाल्लेल्या, आपल्या तिसऱ्यांच्या जातकुळीतल्या शिंपल्यांचे थर या टेकड्यांत जागोजागी आहेत. दगडी हत्यारे आहेत, दफनाच्या जागाही आहेत. वारा वाळू सतत सरकवतो, त्यामुळे आज झाकलेला थर काही महिन्यांनी उघडा पडतो. मग कुंपण घालायचे तरी कुठे? वरून एक जीप गेली की शिंपल्यांचा भुगा. म्हणूनच गाड्यांना परवाना लागतो आणि त्या ठरलेल्या भागातच न्याव्या लागतात. देऊळ नाही, कळस नाही, त्यामुळे जागा पवित्र आहे हे बाहेरून आलेल्याच्या लक्षातच येत नाही. (आपली पर्यटक मंडळी तर चपला कुठे काढायच्या एवढेच विचारतात.)

क्वाड बाइकच्या सहली वोरिमींची स्थानिक भूमी परिषदही चालवते. त्यांचे वाटाडे शिंपल्यांचे थर दाखवतात, वाळू खणली की गोडे पाणी कसे लागते तेही सांगतात. मुंबई-पुण्याहून तिकडे जाणाऱ्या वाचकांसाठी पुढच्या पुरवणीत एवढी माहिती आणि परवान्याचा नियम चौकटीत छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, न्यूकॅसल (ऑस्ट्रेलिया)