कोपऱ्यातलं टेबल देणाऱ्या कॅप्टन दादांना

दादा, नमस्कार. तुमचं नाव आणि हॉटेलचं नाव दोन्ही लिहीत नाही कारण तुम्हीच म्हणालात "नाव कशाला काकी, आमचं कामच हाय ते", पण कोल्हापुरातल्या ताराबाई पार्कातलं हॉटेल आणि आमच्या ह्यांची साठी एवढं वाचलं की तुम्हाला कळेलच. त्या रात्री निघताना सगळी गडबड, सासूबाईंना रिक्षात बसवायचं, नातू पेंगलेला, त्यामुळे तुमच्याशी धड दोन शब्द बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांसमोर, कारण घरात कानाचं मशीन वापरणारं माणूस असलेल्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

आमच्या ह्यांची अख्खी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत गेली, त्यातही बरीच वर्षं फेटलिंगमध्ये. कास्टिंग साच्यातून काढल्यावर त्याचे कंगोरे ग्राइंडरनं घासून काढायचे ते खातं. जे आत जाऊन आलेत त्यांना माहितीय तिथं शेजारच्याशी बोलायचं तरी कानात ओरडायला लागतं. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास आणि असा वर्षानुवर्षं कानावर पडला की आतल्या बारीक पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत, हे आम्हाला कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं तोवर ह्यांची रिटायरमेंट जवळ आलेली. अशा बहिरेपणात आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. म्हणजे माणूस बोलतोय हे कळतं पण स, श, त, क असली अक्षरं गळतात आणि काय बोलतोय ते कळत नाही. लोकांना वाटतं ह्यांचं लक्ष नाही. लक्ष असतं हो, शब्द पोचत नाहीत. मशीन लावल्यापासून घरात छान चाललंय, पण हॉटेलात मशीन माणसाबरोबर भांडी, मिक्सर, खुर्च्या सरकवणं सगळंच मोठं करतं. थोडंफार गाळतं म्हणतात, पण गर्दीत ते गाळणं पुरत नाही.

त्यामुळे गेली काही वर्षं बाहेर जेवायला गेलं की हे ताटाकडं बघून जेवायचे आणि सगळे हसले की मागनं हसायचे. मला ते बघवत नव्हतं. आणि साठीला तर नाहीच.

लेक पुण्याहून रोज एक हॉटेल पाठवायची, रेटिंग बघून, फोटो बघून. हायवेकडंचं एक गच्चीवरचं, तिथं लाईव्ह म्युझिक. रंकाळ्याच्या बाजूला एक उघड्यावरचं, वारा छान पण रस्त्यावरचे हॉर्न. आमची नेहमीची मटणाची खानावळ तर ह्यांची जीव की प्राण, पण रविवारी बाहेर नंबर लावून उभं राहायचं आणि आत फरशी, ग्रॅनाईट, स्टीलच्या वाट्या, सगळा खणखणाट. मोठ्या स्टार हॉटेलात खाली गालिचा असतो, शांत असतं हे खरं, पण तिथल्या पांढऱ्या रश्श्याला आमच्याकडं कुणी पांढरा रस्सा म्हणणार नाही आणि साठीला कोल्हापूरच्या माणसानं तांबडा-पांढरा सोडून बुफेत पनीर वाढून घ्यायचं हे मला पटत नव्हतं. एका ठिकाणी मी फोन करून विचारलं की शांत टेबल मिळेल का, तर समोरचा म्हणाला म्युझिक बंद होणार नाही मॅडम, बाकीचे गिऱ्हाईक असतात, आणि फोन ठेवला.

मग तुम्हाला फोन लागला. मला वाटलेलं तुम्ही किती माणसं, केक पाहिजे का, एवढंच विचारणार. तुम्ही पहिला प्रश्न विचारला, "साहेबांना कुठल्या कानानं बरं ऐकू येतं?" मी गप्पच झाले. इतक्या हॉटेलांना विचारलं, कुणी हे विचारलं नव्हतं. मग तुम्ही म्हणालात की तुमच्या आईलाही मशीन आहे, आणि मला एकदम हलकं वाटलं.

मी म्हणाले दुपारी चारला येऊन टेबल बघते, तर तुम्ही म्हणालात, "चारला नका येऊ काकी, चारला सगळीच हॉटेलं शांत असत्यात, ज्या वेळेला जेवायला येणार त्याच वेळेला येऊन बसून बघा." हे मी आता सगळ्यांना सांगते. आले तर तुम्ही स्वतः एकेका खुर्चीत बसून दाखवलंत, हितं किचनचं दार उघडतंय, हितं डोक्यावर स्पीकर, हितं एसीचा आवाज, आणि शेवटी फॅमिली सेक्शनच्या टोकाचं ते कोपऱ्यातलं टेबल, पाठीमागं भिंत, बाजूला जाड पडदा.

तारखेचा घोळ तर वेगळाच. वाढदिवस आलेला गुरुवारी, त्या दिवशी आमच्यात वशाट चालत नाही. आदल्या दिवशी करायचा तर सासूबाई म्हणाल्या वाढदिवस आधी करत नाहीत. शुक्रवार म्हणजे त्यांचा अंबाबाईचा वार. रविवार तुम्हीच नको म्हणालात, गर्दीत तुमच्याकडंही ऐकू येणार नाही म्हणून. मग तुम्हीच मार्ग काढला, शुक्रवारी साडेसातला या, गर्दी साडेआठनंतर वाढते, आणि आजींचं अख्खा मसूर-भाकरी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीनं. गुरुवारी मग घरी सगळ्या भावकीत ६० दिव्यांनी ओवाळलं, गोडाचं जेवण झालं.

भावकीवरनं आठवलं, मी आधी पंधरा-सोळा जणांचं सांगितलेलं, तर तुम्ही स्पष्ट म्हणालात की एवढ्यांना लांबलचक टेबल लागणार, त्या टोकाचं बोलणं साहेबांना ह्या टोकाला कधीच कळणार नाही, सहाजण या आणि गोल बसा. हॉटेलवाला माणूस स्वतःचं बिल कमी करून घेतोय हे मी पहिल्यांदा बघितलं. दीर-जाऊबाईंना सांगताना जरा जड गेलं, पण कारण सांगितल्यावर कुणी वाकडं घेतलं नाही, उलट धाकटी जाऊ म्हणाली बरं केलंत वहिनी.

आता त्या रात्रीचं. टेबलावर तुम्ही पांढऱ्या कापडाच्या खाली जाडजूड बेडशीट दुमडून घातलेली, वाटी ठेवली तरी टक्क आवाज नाही. हे बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही, ह्यांच्या आलं, त्यांनी बसल्या बसल्या कापडावर हात दाबून बघितला आणि माझ्याकडं बघितलं. वरचा स्पीकर बंद. डेकोरेशनचा पिवळा मंद दिवा असतो तोही बंद करून साधी ट्यूब लावलेली, कारण अर्धं ऐकणं ओठांवर असतं आणि अंधारात समोरच्याचं तोंडच दिसत नाही. कॅन्डल लाईट डिनर ज्यांना आवडतं त्यांना आवडू दे, आमच्यासाठी ट्यूबच रोमँटिक.

आणि मग तुम्ही आलात. कुठंही गेलो की वेटर मला विचारतात, "साहेबांना काय देऊ?" साहेब समोर बसलेले असतात. तुम्ही ह्यांच्या समोर आलात, थोडं वाकून, चेहरा उजेडात ठेवून, न ओरडता, जरा सावकाश विचारलंत, "साहेब, मटणाचं सुक्कं घेणार का मटणाचं लोणचं? आज दोन्ही चांगलं झालंय." ह्यांनी स्वतः सांगितलं, दोन्ही आणा. मग आळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखट पाणी, आधी आणा, रस्से नंतर, भाकरी गरम एकेक, सगळं स्वतः सांगितलं. माझ्या लेकीच्या डोळ्यात पाणी आलं ते ह्याच वेळेला, केक कापताना नाही.

जेवणाबद्दल काय बोलायचं, पांढरा रस्सा मटणाच्या आळणीतलाच, नारळाच्या दुधाला खसखशीची साथ, घशाखाली उतरताना मिरीचा हलका चटका आणि बास. तांबड्याला नुसता रंग नव्हता, कांदा-लसूण चटणीची चव होती. बाहेरच्या लोकांना वाटतं कोल्हापुरी म्हणजे डोळ्यातनं पाणी, तसं नसतं, तुमच्याकडं ते बरोबर राखलंय. पापड तुम्ही न सांगता ह्यांच्या ताटात ठेवला नाही, कुरकुरीत काही चावलं की मशीनमुळं स्वतःच्याच डोक्यात कडकड वाजते, हे मशीनवाल्या घरातल्यालाच माहिती असतं. मोठ्यानं गाणं लावून फटाके फोडून बर्थडे करतात तेही तुम्ही टाळलंत. नुसतं समोर येऊन हात जोडून "साहेब, शंभरी करायला पण हितंच यायचं" म्हणालात आणि ते ह्यांना पहिल्या झटक्यात ऐकू गेलं.

हे बोलले दादा. जावयाला फौंड्रीतली पहिली नाईट शिफ्ट सांगितली, वितळलेलं लोखंड ओततानाचा उजेड कसा असतो, घरी आल्यावर आई अंगणातच अंघोळीचं पाणी कसं काढून ठेवायची, ते ऐकून सासूबाईही मधेच बोलायला लागल्या आणि मायलेकरांचं तुमच्या त्या कोपऱ्यात कितीतरी वेळ चाललं. आम्ही बाकीचे नुसते ऐकत होतो. नातवानं विचारलेल्या प्रश्नाला ह्यांनी मला "काय म्हणतोय?" न विचारता उत्तर दिलं.

टिप ठेवली ती तुम्ही घेतली नाही, किचनमधल्या पोरांना दिली असं नंतर कळलं. त्या पोरांनाही आभार सांगा, भाकऱ्या थापणाऱ्या मावशींना तर वेगळे सांगा, शेवटच्या भाकरीपर्यंत एकही गार आली नाही.

एक काम आहे. ह्यांचे फौंड्रीतले एक दोस्त आहेत, त्यांचीही साठी तोंडावर आलीय आणि तेही मशीनवालेच, हौसेनं घराबाहेर पडायचं बंद केलेलं माणूस. आमच्या ह्यांनी त्यांना तुमच्याबद्दल एवढं सांगितलंय की त्यांच्या सूनबाईंचा तुम्हाला फोन येईल. त्यांना उजव्या कानानं बरं ऐकू येतं, तेव्हा भिंत डावीकडं येईल असं बसवा, आणि ते मटण खात नाहीत, त्यांना अख्खा मसूर द्या, सासूबाईंना दिलेला तसाच.