रविवारची बैठक : शेवट फोडू नका!

मंडळी, येत्या रविवारी सायंकाळी ५:३० वाजता, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. पुस्तक : अगाथा ख्रिस्ती यांचं 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (१९२६). किंग्ज ॲबट हे छोटंसं गाव, श्रीमंत ॲक्रॉइडचा खून आणि निवृत्तीत भोपळे पिकवणारा गुप्तहेर प्वारो. चिडून भिंतीपलीकडे भोपळा भिरकावतो, तिथेच त्याची ओळख होते!

- पुस्तक पूर्ण वाचूनच या. या कादंबरीत शेवटची प्रकरणंच खरी.
- खुनी कोण, हे ग्रुपवर अजिबात नको. इशारेसुद्धा नकोत.
- प्रती दोनच आहेत, चार दिवसांत परत करा. संशयितांच्या नावाखाली पेन्सिलीने रेघा कोणी मारल्यात? कृपया खोडा.

चहा आहे, कप घरून आणा.